वरातीला वेग कशाला

“ह्यात माणसं किती बसत्यात?”

काउंटरपलीकडच्या माणसानं विचारलं आणि बोट दाखवलं ते काचेमागच्या रिकाम्या कॅबिनेटकडं. माझ्या दुकानाला लागून जुन्या टेम्पोंच्या खरेदी-विक्रीचं दुकान होतं. तिकडचं गिऱ्हाईक चुकून माझ्या पायरीवर चढायचं, हे काही नवं नव्हतं. मी वर न बघताच सांगितलं, काका, टेम्पो पलीकडं.

“टेम्पो न्हाई. कम्प्युटरच पायजे. माणसं किती बसत्यात तेवढं सांगा.”

ते बाजी मास्तर होते. बाजीराव अवघडे, आमच्या विट्यातल्या जुन्या ब्रास बँडचे मालक. लहानपणी वरात आली की आम्ही पोरी माडीवर धावायचो, तेव्हा लाल कोट घालून पुढच्या रांगेत क्लॅरोनेट वाजवत चालायचे ते हेच. त्या दिवशी साध्या पांढऱ्या शर्टात होते, म्हणून मी ओळखलं नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. अख्ख्या खानापूर तालुक्यात माझ्याइतकं मशीनमधलं कुणाला कळत नाही, असं माझं ठाम मत होतं. खोटं कशाला बोलू, थोडंफार ते खरंही होतं. पाटी वाचून दुकानात येणारे निम्मे लोक आधी ‘उज्ज्वलशेठ आहेत का’ विचारायचे आणि उज्ज्वला ती मीच, हे कळल्यावर तोंडं बघण्यासारखी व्हायची. त्यामुळं जिभेला जरा जास्तच धार आलेली.

मास्तरांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. बँडमध्ये एकेकाळी एकवीस माणसं होती, आता दहा उरली होती. कुणी साखर कारखान्यावर लागला, कुणी म्हातारा झाला, कुणाचे पुढचे दात पडले. दात गेले की फुंकणारा वरातीपुरता संपला, बसून एखाददुसरा सूर काय तो निघतो, हे मला त्या दिवशी कळलं. लोकांना आता ट्रॉलीवरचा कीबोर्ड आणि भोंगे लागतात. मग मास्तरांनी असं ठरवलं होतं, की गेलेल्या-थकलेल्यांना बोलावून त्यांचे सूर एकेक करून रेकॉर्ड करायचे, ते कम्प्युटरात भरायचे आणि कीबोर्डच्या पट्ट्यांवर वाजवायचे. बाजारचे तयार सूर नकोत. आपल्याच माणसांचे पाहिजेत. अशी अकरा माणसं बसवायची होती.

कल्पना मला आवडली. असलं काम आमच्याकडं कोण आणतो? पण काम लगेच पाहिजे होतं. घाई का, ते विचारल्यावर मास्तरांनी सांगितलं.

“लहू. त्या अकरांतला एक, आमचा ट्रंपेट. माझा मेव्हणा. ह्यो गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी मिरजेला जबड्याचं ऑपरेशन हाय. तंबाखूनं खाल्लं. डॉक्टर म्हणाला, जीव वाचंल, पण फुंकायचं विसरायचं.”

मास्तर पुढं म्हणाले, “पस्तीस वर्षं पुढं चाललाय तो. त्याला घरी बसवला तर ऑपरेशननं वाचलेला माणूस घरात मरंल. म्हणून हे मशीन. त्याचाच आवाज, त्यानंच बसून वाजवायचा. तुम्ही फक्त सगळा मावंल असं करा.”

म्हणजे हे काम कशासाठी होतं, ते मला पहिल्याच दिवशी नीट सांगितलेलं होतं. माझ्याकडं ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय नाही.

आता थोडं मशीनचं सांगते, त्याशिवाय माझी चूक कळायची नाही. असे सूर वाजवायचे तर ते आधी सगळे रॅममध्ये चढवून ठेवावे लागतात. चालत्या गाड्यावर हादरे खात डिस्कमधून एकेक सूर उचलत बसलं तर मध्येच अडखळतं. रॅम जेवढी मोठी तेवढे सूर मावणार. माझ्याकडं तेव्हा दोन पर्याय होते. एक, आठ-आठ जीबीच्या चार नव्या कोऱ्या पट्ट्या, बत्तीसशेच्या वेगाच्या, वर लाल पत्र्याचं कवच. दुसरा, पुण्यातल्या बंद पडलेल्या ऑफिसातून आलेल्या सोळा-सोळाच्या चार जुन्या पट्ट्या, चोविसशेच्या. खर्च दोन्हीकडं साधारण सारखाच. म्हणजे बत्तीस जीबी आणि वेग, किंवा चौसष्ट जीबी आणि बैलगाडी.

मास्तरांना मी दोन्ही पट्ट्या हातात दिल्या. त्यांनी उलट्यासुलट्या करून बघितल्या, कशात जास्त मावतं ते विचारलं आणि जुन्या पट्टीवर बोट ठेवलं. मी हसले. म्हटलं, मास्तर, हे जुनं आहे, हळू चालतं.

“ताई, आमची वरात मारुतीच्या देवळापास्नं एसटी स्टँडपर्यंत यायला दीड तास लावती. वेग घेऊन काय करू?”

बरोबर बोलले होते ते. अगदी बरोबर. पण जुन्या पट्ट्यांचं मशीन माझ्या हातून जायला नको होतं. त्या लाल पट्ट्या दोन महिने काचेत होत्या आणि त्या बसवायला मला मशीन मिळत नव्हतं. मी त्यांना विलंब म्हणजे काय, प्रोसेसरला वेगवान रॅम का मानवते, असलं बरंच ऐकवलं. त्यातलं निम्मं त्यांच्या कामाला लागूच नव्हतं. बत्तीसमध्ये सगळं आरामात मावेल, हे मात्र मी छातीठोक सांगितलं. मोजून बघितलं नव्हतं. ते उठताना म्हणाले, तुमचं शिक्षण हाय, तुम्ही म्हणाल तसं.

रेकॉर्डिंग बँडच्या वाद्यांच्या खोलीत झालं. मंडपवाल्याच्या गाद्या भिंतीला उभ्या केल्या, पंखा बंद केला, आणि मी माझा रेकॉर्डर घेऊन कोपऱ्यात बसले. बाकी दहा जणांचं चार दिवसांत उरकलं. लहूमामांचं आठ दिवस चाललं.

मामा पन्नाशीचे, काटकुळे, मिश्किल. गालाच्या आत जखम होती. चार सूर फुंकले की मिठाच्या पाण्यानं चूळ भरायचे, तांब्या खाली ठेवायचे आणि म्हणायचे, हं, चालू कर तुझं यंत्र. प्रत्येक सूर हळू, मध्यम, मोठा. मग साठ चालींची सुरुवात, एकेक करून. तिसऱ्या दिवशी चूळ टाकली ती लाल होती. मी मशीन बंद केलं. ते म्हणाले, बंद करू नकोस, गुरुवार थांबत नाही. शेवटच्या दिवशी ट्रंपेट पुसून पेटीत ठेवला आणि मला विचारलं, “आवाज पेटीत गेला. आता पट्टी कुणीबी दाबंल की. मग माझं काय काम?” मास्तर ओरडले त्यांच्यावर, काहीतरी बोलू नको म्हणून. मीही हसून सोडून दिलं.

गुरुवारी ते मिरजेला गेले. शुक्रवारी मी सगळं गोळा करून बघितलं, तर पंचेचाळीस जीबी.

दुकानात एकटीच होते. मास्तरांना जाऊन सांगायचं होतं की मी चुकले, जुन्या पट्ट्याच घालू. एवढंच वाक्य होतं. पण ज्या माणसाला मी अर्धा तास शहाणपण शिकवलं, त्याच्यासमोर ते तोंडातून निघेना. मग मी कापायला बसले. सूर संपल्यावरची शांतता कापली. आणि प्रत्येक सुराच्या आधी मामांचा श्वास होता, ‘स्स्स’ करून दातांतून आत ओढलेला, मोठाच्या मोठा. तोही कापला. त्यासाठी कारणही तयार होतं. पट्टी दाबली की सूर लगेच आला पाहिजे, आधी श्वास वाजत बसला तर सूर उशिरा येणार. शिवाय श्वास म्हणजे कचराच की. कोण ऐकतंय? सगळं मिळून एकोणतीस जीबीवर आलं आणि लाल पट्ट्यांत मावलं. मूळ रेकॉर्डिंग ज्या लॅपटॉपवर उतरवलं होतं तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचा होता, तो मी कोरा करून टाकला आणि रेकॉर्डरचं कार्डही पुसलं.

खोलीत तालीम झाली ती झकास झाली. सगळे गोल बसलेले, मास्तर कीबोर्डवर, मान हलवून इशारा द्यायचे. ढोलवाले नामदेवअण्णा तर डोळे पुसायला लागले, म्हणाले लहूच बसलाय की ह्यात. माझी कॉलर ताठ.

लहूमामा मात्र आलेच नाहीत. ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते, जखम भरली होती, पण डाव्या बाजूचा जबडा काढलेला. तोंडाला गमछा गुंडाळून आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडायचे. मास्तर रोज जायचे. वाजव म्हणायचे, बोटं तर शाबूत आहेत ना? मामा मान हलवायचे, नाही. जेवण निम्म्यावर आलं होतं. त्यांच्या बायकोनं, इंदुमामींनी, दुकानाच्या दारात मला गाठून विचारलं, ताई, तुमचं ते यंत्र ह्यांना उठवंल का वो? मी हो म्हणाले. काय म्हणणार?

माघात आळसंदला लग्न होतं, नवरदेवाची दुपारची मिरवणूक. मशीन गाड्यावर, मी गाड्याबरोबर, आणि कीबोर्डवर मास्तर. पुढं तोंड करून सगळे रांगेत उभे राहिले. मास्तरांनी पट्टी दाबली, लहूमामांचा ट्रंपेट भोंग्यातून खणखणीत बाहेर पडला, आणि बाकीचे कुणी चालीत आलेच नाहीत. एक सॅक्सोफोन अर्धी ओळ झाल्यावर आला, ढोल त्याच्याही नंतर. मास्तरांनी थांबवलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मांडवातली माणसं हसायला लागली, आणि नवरदेवाच्या मामानं फोन लावून बेंजो पार्टी बोलावली. आमची माणसं वाद्यं काखेत मारून कडेला उभी राहिली.

मी घाबरून सगळं तपासलं. विलंब नाही, काही नाही. मशीन वाऱ्यासारखं पळत होतं. मास्तर गाड्याच्या दांड्यावर टेकून बसले होते. नामदेवअण्णांना म्हणाले, तू काठी कशावर टाकायचास रं? अण्णांना सांगता येईना. म्हणाले, टाकायचो आपला, पडायची. मास्तर म्हणाले, आठव. अण्णांनी डोळे मिटले, हातात नसलेली काठी उचलली, आणि त्यांच्या छातीत श्वास भरला.

“लहू दम घ्यायचा,” अण्णा म्हणाले. “त्यावर.”

त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. पस्तीस वर्षं लहूमामा पुढं चालायचे, चाल सुरू करायच्या आधी दातांतून मोठा श्वास ओढायचे, पाठीमागची रांग तो ऐकून श्वास घ्यायची, तिचे खांदे बघून तिच्या मागची. संथ चालीला लांब दम, उडत्या चालीला आखूड. चाल कुठली, लय काय, सगळं त्या श्वासात असायचं. मास्तरसुद्धा त्यावरच यायचे. कुणी कधी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणी कधी बोललंही नव्हतं.

मास्तर माझ्याकडं वळले. ताई, रेकॉर्डिंगला तर तो दम घेत होता, मी स्वतः ऐकलंय, मग ह्यात का नाही?

मी सांगितलं. जागा पुरत नव्हती, मी कापले. तुम्ही जुन्या पट्ट्या मागितल्या होत्या, मीच ऐकलं नाही. मूळ रेकॉर्डिंगही पुसलं.

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “तो आता परत फुंकायचा न्हाई, ताई.” आणि गाडा ढकलायला उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मास्तरांना घेऊन लहूमामांच्या घरी गेले. हे तिऱ्हाइताकडून त्यांच्या कानावर जायला नको होतं. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. काल काय झालं, लोक कसे हसले, माझ्या हातून काय झालं. काही लपवलं नाही. बोलता बोलता रडायला आलं, ते मात्र आवरलं, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

मामा वळले. गमछ्याच्या वर फक्त डोळे. बोलणं जड, निम्मे शब्द गळलेले. मी इथं सरळ करून सांगते.

“माझ्या श्वासावर येत्यात? समदे?”

मास्तरांनी मान हलवली. मामा उठून बसले. गमछा तोंडावरून खाली केला. मी पहिल्यांदाच तो चेहरा बघितला, आणि बघत राहिले, मान फिरवली नाही. त्यांनी श्वास घेतला. दातांतून नव्हे, आता तो नाकातून आणि ओठांच्या ढिल्या कोपऱ्यातून आला, ओला, खरखरीत. पण लांबी तीच असावी, कारण मास्तरांची बोटं मांडीवर आपोआप पडली. इंदुमामी स्वयंपाकघराच्या दारात भाकरीचं पीठ लागलेले हात घेऊन उभ्या होत्या. मामांनी त्यांना बँडचा लाल कोट बाहेर काढायला सांगितला.

पुढच्या लग्नात लहूमामा गाड्यासोबत चालले. कीबोर्ड त्यांच्यापुढं, कोटाच्या गळपट्टीला मी लावलेला छोटा माईक, जबड्यावर पांढराशुभ्र गमछा. त्यांनी दम घेतला, तो भोंग्यातून सगळ्या रस्त्याला ऐकू आला, आणि मागच्या दहा जणांनी एकदम उचललं. एकवीस माणसांचा बँड वाजला. मी गाड्यामागं होते म्हणून बरं, माझं तोंड कुणाला दिसलं नाही. त्या दिवसापासून मामांशिवाय बँड निघेनासा झाला. जेवण पूर्ववत झालं, इंदुमामींनीच सांगितलं.

गोष्ट इथंच संपली असती. पण चैत्रात दुकान आवरताना रेकॉर्डरची जुनी पिशवी हाताला लागली. आतल्या कप्प्यात एक कार्ड होतं. यंत्र एकाच वेळी दोन कार्डांवर लिहीत होतं, आणि हे दुसरं कार्ड मी साफ विसरले होते. लावून बघितलं. सगळं होतं. साठच्या साठ चाली, प्रत्येकीच्या आधी मामांचा जुना, दातांतला, भरलेला दम.

मला एवढा आनंद झाला की त्याच दुपारी मास्तरांचं मशीन मागवून घेतलं, लाल पट्ट्या काढल्या, पुण्याच्या जुन्या चार बसवल्या. मास्तर पैसे देऊ करतील म्हणून, वॉरंटीत बदलून मिळाल्या असं त्यांना सांगितलं. चौसष्ट जीबी. आता सगळे मावत होते, श्वासांसकट. पण भरायच्या आधी मामांना बोलावलं.

ते सायकलवरून आले. हेडफोन लावून दिले. डोळे मिटून त्यांनी साठही ऐकले. मध्ये गिऱ्हाईक आलं, त्याला मी परत पाठवलं. शेवटी हेडफोन गळ्यात घेऊन म्हणाले, “दम भरून घ्यायचो की.” डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा उजळला होता, कुणी तरुणपणीचा फोटो दाखवावा तसा.

मी उत्साहात सांगायला लागले. मामा, हे सगळं आता एका बटणावर ठेवते. माईक नको, काही नको. उन्हातान्हात गाड्याबरोबर चालायला नको, कीबोर्डवर मास्तर बसतील, तुम्ही घरी आराम...

तेवढ्यावर मी थांबले. त्यांच्याकडं बघितलं आणि मी काय बोलतेय ते माझं मलाच ऐकू आलं.

मामांनी रागावून बघितलं नाही. मशीनवर हात ठेवला. “बाजीला सांगितलंस?”

“नाही.”

“नको सांगू. ठेव जपून.” मग उठले, गमछा नीट केला, आणि दारातून म्हणाले, “मी गेल्यावर घाल.”

याला सात वर्षं झाली. दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी मी दुकान धुऊन घेते, त्याआधी ते साठ दम नव्या डिस्कवर उतरवून ठेवते आणि मास्तरांच्या मशीनची धूळ काढते. मास्तर स्टुलावर बसून पडद्यावरचे आकडे वाचतात. आता ते त्यांनाही कळायला लागलेत. दरवर्षी विचारतात, ताई, निम्म्याच्या वर जागा रिकामी हाय, ही कशाला ठेवली? मी सांगते, असू द्या मास्तर, लागेल कधीतरी.

अजून लागलेली नाही.